धोंडखेड्याचं पेव

श्रीपतराव अंबडकरांनी आयुष्यात पहिल्यांदा माणसावर हत्यार उचललं तेव्हा त्यांना पेन्शनीत निघून चार वर्षं झाली होती. त्याआधीचा सगळा जन्म जालन्याच्या अदालतीत पेशकारी करण्यात गेला. मुन्सफसाहेब वर खुर्चीवर, श्रीपतराव खाली चौरंगाशी, आणि साक्षीदार बोलेल तो शब्द उर्दूत उतरवून घ्यायचा, एवढंच काम. माणसं एकमेकांचं काय काय करतात ते त्यांनी ढिगानं ऐकलं होतं, पण हाताला शाईशिवाय दुसरं काही लागलं नव्हतं. घरात साप निघाला तर ते पलंगावर चढून बसायचे आणि बायको काठी घेऊन पुढं व्हायची.

पेन्शनीतल्या माणसाचा दिवस सरता सरत नाही. अशात एकदा अरुंधतीबाई त्यांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मुलींच्या शाळेच्या हेडमास्तरीण म्हणून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. लहानपणीच नवरा गेलेला, शिकून स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या. वर्गात बोलायची सवय इतकी, की साधं बोलल्या तरी समोरचा सावरून बसायचा.

"निजामी गेली," त्या म्हणाल्या, "आणि ती कशी होती हे सांगणारी माणसंही एकेक करून चालली. राजाचं, दिवाणाचं कुणी तरी लिहीलच. आपल्या लोकांचं कोण लिहिणार? तुम्हाला बोललेलं जसंच्या तसं लिहिता येतं. उद्यापासून या."

जागा गोपीकिशनजींनी दिली. त्यांचं घराणं मूळ राजस्थानातलं, पण तीन पिढ्या जालन्यात रुजलेलं. कापसाचा व्यापार मुलगा नवलकिशोर बघायचा, त्यामुळे म्हातारा मोकळाच होता. मोंढ्याच्या बाजारामागच्या जुन्या गोदामावरच्या दोन खोल्या त्यांनी झाडून दिल्या, वर कपाटं करून दिली. गोपीकिशनजींना डावा कान नव्हता. अठ्ठेचाळीस साली रझाकारांनी त्यांना आणि धाकट्या भावाला, बालकिशनला, भर बाजारात दुकानातून ओढून काढलं, थोरल्याचा कान उतरवला आणि त्याच्या डोळ्यांदेखत धाकट्याला गोळी घातली. बालकिशनची पगडी, अजून डागांसकट, त्यांनी स्वतः आणून त्या खोलीत खुंटीला लावली.

छप्पन्नच्या दिवाळीत मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि त्याच पाडव्याला तिघांनी खोलीला नाव दिलं, लोकजीवन संग्रह. वर्षभरात खोल्या भरल्या. निजामाचे हाली रुपये, उर्दू शाळेतल्या पाट्या, बाळंतिणीच्या खोलीतली कोयती, कोष्ट्याचा धोटा, जात्यावरच्या ओव्यांचे कागद. एका भिंतीला गावोगावहून आलेली हत्यारं होती. रझाकारांकडून पडलेले भाले, रुंद पात्याच्या कुऱ्हाडीसारख्या फरश्या, गावकऱ्यांनी स्वतःच्या राखणीसाठी घडवलेल्या बर्च्या. प्रत्येकाखाली श्रीपतरावांच्या अक्षरात चिठ्ठी, कुठून आलं, कुणी दिलं.

एके दिवशी धर्मराज पाटील आला. जाफराबादकडच्या धोंडखेड्याचा. चाळिशीचा, अंगानं थोराड, पांढरीशुभ्र खादी, बोलणं मात्र हळू आणि गोड. निजामाविरुद्धच्या लढ्यात तो सरहद्दीपलीकडे लढणाऱ्यांच्या कँपात होता, आणि आता तालुक्यात त्याच्या शब्दावाचून पान हलत नव्हतं. सोबत एक बाई होती. पस्तिशीची, सुकलेली, पदर कपाळापर्यंत ओढलेला.

"ही सोनूबाई," धर्मराज म्हणाला. "हिचा मालक रामकिसन रझाकारांशी लढता लढता गेला. गावात हुतात्म्याचा दगड बसवून राह्यलो आम्ही. त्याच्यावर नाव कोरायचंय. म्हणलं, तुमच्या संग्रहातबी हिची हकीकत असू द्या. मी मोंढ्यातून येतो तवर घ्या लिवून."

तो जिना उतरून गेला. सोनूबाई सतरंजीवर टेकली. श्रीपतरावांनी टाक दौतीत बुडवला.

"रझाकार आले," ती म्हणाली. "संगं घोडे होते. माजे मालक म्हणले, भारतमाता की जय. मंग त्यायनी..."

शाळेतलं पोर पाठ म्हणतं तसं ती म्हणत होती. श्रीपतरावांनी असे साक्षीदार हजार पाहिले होते. कुणी पढवून पाठवलेला माणूस समोरच्याकडे बघत नाही, जमिनीकडे बघतो. पण पेशकारानं तोंड उघडायचं नसतं. ते लिहीत राहिले.

ती मधेच थांबली. "दादा, तुमी लिवून राह्यले ते कुठं जातंय?"

"कुठं नाही. इथंच कपाटात राहतं."

"किती दिस?"

"आम्ही मेलो तरी राहील," अरुंधतीबाई म्हणाल्या.

सोनूबाईनं पदर मागं सारला. पहिल्यांदा तिचा सगळा चेहरा दिसला. "मंग ते खोडा," ती म्हणाली. "रझाकारांनी न्हाई मारलं माज्या मालकाला. धर्मराजनं मारलं."

खिडकीत उभे असलेले गोपीकिशनजी वळले. श्रीपतरावांनी लिहिलेल्या ओळींवर आडवी रेघ मारली आणि नवा कागद घेतला.

"फौज आली, निजाम पडला, त्याच्या नंतरची गोष्ट," ती सांगू लागली. "गावात पिंजाऱ्याचं एकच घर होतं. लाडसाब. गाद्या भरायचा, लेप भरायचा. रझाकारात न्हाई, कशात न्हाई. उलटं रझाकारांनी त्यालाच वर्गणी देत न्हाई म्हणून लाथा घातल्या होत्या. त्या सकाळी मी भाकरी थापून राह्यले होते. लाडसाब, त्याची बायको हुसेनबी आन दोन लेकरं परसाकडून पळत आले. हुसेनबीच्या पायात वहाण न्हाई. माज्या मालकांनी काई इचारलं न्हाई. परसात आमचं पेव होतं."

"पेव म्हणजे धान्याचं?" अरुंधतीबाईंनी विचारलं.

"व्हय. जमिनीत, आडासारखं. जवारी सरलेली, रिकामंच होतं. मालकांनी शिळा सरकवली, चौघांना आत सोडलं. हवा कोंदती म्हणून तोंड थोडं उघडं ठेवलं, वर कडबा टाकला. तवर धर्मराज आलाच. संगं धा-बारा जण. आमच्याच गावचे. माज्या लग्नात जेवलेले."

ती एका सुरात बोलत होती. रडत नव्हती.

"मालक दारात उभे राह्यले. म्हणले, हितं कोनी न्हाई. धर्मराज म्हणला, रामकिसन, बाजूला हो. मालक हलले न्हाईत. मंग धर्मराजनं कुऱ्हाड वर केली तसे मालक म्हणले, लेकरं हायेत रे." सोनूबाई थांबली. "तेवढंच चुकलं त्यांचं. आदी म्हणले कोनी न्हाई, मंग म्हणले लेकरं हायेत. खोटं बोलायची सवयच नव्हती त्यांना."

टाक कागदावर करकरत होता.

"पयला घाव खांद्यात बसला. हात तुटून लोंबला. तरी दुसरा हात चौकटीला धरून उभेच. दुसरा घाव डोक्यात. मंग बसले खाली, भिंतीला टेकून, जेवायला बसावं तसे. माजे हात पिठाचे, तशेच तोंडात कोंबले मी. ते लोक परसात गेले. कडबा बाजूला केला, पेटवला, आन पेवात टाकला. वरून आनखी टाकला. मंग शिळा लावली."

अरुंधतीबाईंनी डोळे मिटले.

"दोघं जण शिळेवर बसले. खालून धक्के बसून राह्यले होते तर दोघंबी हलायचे. धाकटी पोरगी मला मावशी म्हणायची. मावशी, मावशी करून राह्यली होती. मंग बंद झालं. धर्मराज माज्याकडं आला. त्याचं धोतर रगतानं भिजलेलं. म्हणला, रामकिसनला रझाकारांनी मारलं. काय? म्या म्हणलं, व्हय. तवापासून तेच म्हणून राह्यले. पण आता दगडावर नाव येणार. मंग कायमचंच झालं."

श्रीपतरावांनी तिला लिहिलेलं वाचून दाखवलं. तिनं मान हलवली आणि अंगठा उठवला. मग म्हणाली, "आता मी त्याच्यासंगं माघारी जात न्हाई."

धर्मराज मोंढ्यातून परतला तेव्हा अरुंधतीबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. सोनूबाईला बरं वाटत नाही, ती काही दिवस माझ्याकडे राहील, असं त्यांनी सांगितलं. धर्मराजनं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून आत श्रीपतरावांकडे पाहिलं. श्रीपतरावांना आपला चेहरा लपवता आला नाही. आयुष्यभर त्यांनी तो कागदाकडेच वळवलेला होता, लपवायची सवय नव्हती.

"बरं," धर्मराज म्हणाला. "हकीकत मात्र बराबर लिवली असंल. मी येतो परत." आणि गेला.

तिघांचं भांडण झालं ते त्यानंतर. गोपीकिशनजी पगडीच्या खुंटीशी जाऊन उभे राहिले.

"हे कागज ठेवू नका," ते म्हणाले. "बिलकुल ठेवू नका. उद्या लोक म्हणतील, दोन्हीकडचे सारखेच. रझाकारांनी काय केलं ते विसरतील. माझ्या भावाच्या शेजारी हे ठेवणार तुम्ही?"

"रझाकारांचं एक अक्षरही पुसलेलं नाही, शेठजी," श्रीपतराव म्हणाले. "तिनं जे पाहिलं तेवढंच लिहिलं."

"तुम्हाला कान आहेत दोन्ही," गोपीकिशनजी म्हणाले, "तुम्हाला काय कळणार?" आणि चप्पल घालून खाली उतरले.

बरेच दिवस ते आले नाहीत. खोलीची किल्ली त्यांच्या माणसाकडून येत राहिली, एवढंच. सोनूबाई मात्र रोज अरुंधतीबाईंबरोबर यायची, केर काढायची, ओव्या सांगायची. धर्मराजची माणसं दोनदा मोंढ्यात फिरताना दिसली. एकदा श्रीपतरावांच्या घरावर दगड आला, बायकोच्या कपाळाला खोक पडली. ठाण्यात तक्रार दिली तर जमादार म्हणाला, पोरं असतील. श्रीपतराव भ्याले होते. त्यांनी बायकोला अंबडला तिच्या भावाकडे धाडलं आणि रोज संग्रहात जाताना वाट बदलायला लागले. तरी जायचे. का जातो हे त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. साक्ष अर्धी टाकून पेशकार उठत नाही, एवढंच डोक्यात होतं.

मग एका सकाळी गोपीकिशनजी आले आणि सरळ सोनूबाईसमोर जाऊन बसले.

"नींद नाही मला," ते म्हणाले. "बालकिशनला मारलं तेव्हा बाजार भरलेला होता. किती माणसं. पुढं राज्य बदललं, चौकशी झाली, तर सगळे म्हणाले, आम्ही पाहिलं नाही. कपड्याचा व्यापारी, हलवाई, माझे सगळे ओळखीचे. एकानंही पाहिलं नव्हतं. आणि ही बाई म्हणते, मी पाहिलं." ते श्रीपतरावांकडे वळले. "हिला मी कसं हाकलू? कागज ठेवा. माझ्या भावाच्या शेजारीच ठेवा."

धर्मराज आला तो उन्हाळ्यातल्या एका दुपारी, मोंढा सुनसान असताना. हमाल गाड्यांखाली झोपले होते. पाच जण त्याच्याबरोबर होते, दोघांच्या हातात लाठ्या. जिन्यावर पावलं वाजली तेव्हा श्रीपतराव एका तांबटानं दिलेल्या हंड्याची चिठ्ठी लिहीत होते. गोपीकिशनजी दारात जाऊन उभे राहिले.

"शेठजी," धर्मराज म्हणाला, त्याच हळू आवाजात, "तो कागद द्या, आन ती बाई द्या. बाकी तुमचं आमचं काई न्हाई. तुम्ही तर आमच्याच बाजूचे. तुमच्या भावाला मारलेल्यांचा बदला घेतला आम्ही."

"माझ्या भावाचा?" गोपीकिशनजी म्हणाले. "माझ्या भावाला पिंजाऱ्याच्या पोरीनं मारलं होतं?"

लाठी त्यांच्या डोक्यात बसली. आवाज ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा झाला. म्हातारा पडला नाही. त्यानं दाराची दोन्ही कवाडं दोन हातांनी धरली आणि तसाच उभा राहिला. कान नव्हता त्या बाजूनं रक्त गळ्यात उतरलं. मग दुसरी लाठी बसली, तिसरी बसली, आणि कवाडांवरचे हात सुटून ते खाली आले. धर्मराजची माणसं त्यांच्यावरून पाय टाकून आत आली.

पुढचं सगळं एकदम झालं. कपाटं आडवी पडली. ओव्यांचे कागद, पाट्या, हाली रुपये जमिनीवर पसरले. एकानं बालकिशनची पगडी खुंटीवरून ओढून पायाखाली घेतली. अरुंधतीबाई कपाटाला पाठ लावून उभ्या होत्या, कारण कागद त्याच कपाटात होते. त्यांना सरकवता येईना तेव्हा एकानं त्यांचा हात मनगटाशी धरून कपाटाच्या कडेवर मोडला. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी त्या माणसाच्या गालाला दात लावले आणि तो किंचाळला.

श्रीपतराव भिंतीला चिकटून उभे होते. त्यांच्या धोतरात ओल आली होती. त्यांना कुणी हातही लावला नव्हता. त्यांना कुणी मोजतच नव्हतं.

धर्मराजनं सोनूबाईला केसांना धरून खोलीच्या मधोमध आणलं. भिंतीवरच्या हत्यारांतली एक फरशी उपटली. तिला श्रीपतरावांच्याच अक्षरातली चिठ्ठी अजून चिकटलेली होती. सोनूबाई गुडघ्यांवर होती. ती वर बघून म्हणाली, "ह्या टायमाला हितं लई जण हायेत, धर्मराज. समदे बघून राह्यलेत."

त्यानं फरशी वर केली.

श्रीपतरावांनी आपल्या शेजारचा भाला भिंतीवरून काढला. भाला जड होता, त्यांना तो नीट धरताही येत नव्हता. त्यांनी तो दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरला आणि सगळ्या अंगाचा भार टाकून पुढं धावले. टोक धर्मराजच्या बरगडीखाली शिरलं. आधी काही तरी अडलं, मग एकदम सैल झालं. हातातली फरशी पडली. धर्मराज वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. पेशकार, हा? असं जणू तो विचारत होता. तो दोन पावलं मागं सरला, भिंतीला टेकला, आणि दोन्ही हात वर करून बोटं फाकवली. पुरे, असं सांगावं तशी.

श्रीपतरावांनी भाला बाहेर ओढला आणि दुसऱ्यांदा मारला. या वेळी गळ्याखाली.

बाकीचे पळाले. जिन्यावर एकावर एक पडत पळाले. खोलीत धूळ होती आणि रक्ताचा, शाईचा मिळून एक वास होता. हमाल वर आले तेव्हा श्रीपतराव भाल्याला धरूनच उभे होते, आणि सोनूबाई त्यांची बोटं एकेक करून सोडवत होती.

गोपीकिशनजी शुद्धीवर आले नाहीत. त्या आठवड्यातच ते गेले. नवलकिशोरनं बापाला अग्नी दिला आणि दुसऱ्याच दिवशी ठाण्यात जाऊन सांगितलं, की गोदामाच्या वरच्या खोल्या संग्रहाकडेच राहतील, कुणी हात लावायचा नाही. त्यानं आधी कधी संग्रहात पाऊल टाकलं नव्हतं.

श्रीपतरावांवर खटला चालला तो औरंगाबादेत. वकील चांगला होता. त्यानं समजावून सांगितलं, "रावसाहेब, दुसऱ्याचा जीव वाचवायला मारलंत. कायदा तुमच्या बाजूनं आहे. पहिल्या वारानंतर काय झालं त्याबद्दल गप्प बसायचं. झटापटीत लागला म्हणायचं. अरुंधतीबाई त्या माणसाशी झुंजत होत्या, त्यांना काही दिसलं नाही, आणि सोनूबाई तुमच्याविरुद्ध बोलणार नाही."

सोनूबाईनं साक्ष दिली. धोंडखेड्याची सगळी हकीकत तिला भर कोर्टात सांगावी लागली, कारण धर्मराज तिला का मारायला आला ते सांगायचं तर दुसरी वाट नव्हती. सरकारी वकिलानं तिला खोटी ठरवायचा प्रयत्न केला तेव्हा ती म्हणाली, "शिळा काढून बघा." जज्जसाहेबांनी हुकूम केला. पोलिसांनी जाऊन पेव उघडलं. आत चार माणसांची हाडं मिळाली, दोन मोठ्यांची आणि दोन लहानांची, सगळी एका कोपऱ्यात एकमेकांवर. जाफराबादच्या कबरस्तानात त्यांना माती दिली गेली. धोंडखेड्याचे काही लोक लांब उभे राहून बघत होते म्हणतात. पुढं आलं नाही कुणी.

श्रीपतरावांची पाळी आली तेव्हा ते आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. आयुष्यभर ज्या जागेकडे खालून पाहिलं ती जागा. खाली एक तरुण पेशकार टाक सरसावून बसला होता. त्याच्याकडे बघत ते म्हणाले, "पहिला वार तिला वाचवायला केला. दुसऱ्या वेळी त्याच्या हातात काही नव्हतं. त्यानं हात वर केले होते. मला ते दिसलं होतं."

वकिलानं कपाळावर हात मारला. जज्जसाहेबांनी विचारलं, "मग का मारलं?"

"मला मारायचं होतं," श्रीपतराव म्हणाले.

पहिल्या वाराची सुटका झाली, दुसऱ्याची शिक्षा. दोन वर्षं सक्तमजुरी. तुरुंगात त्यांना वय बघून लिखापढीचं काम दिलं गेलं. तिथले कैदी त्यांना मान देत, खून केलेला म्हातारा म्हणून. ते त्यांच्यापासून लांब जाऊन बसायचे. जेवताना कधी कधी तळव्याला भाल्याचं ते सैल होणं जाणवायचं, आणि घास तसाच राहायचा. भेटीला बायको यायची, आणि अरुंधतीबाई, मोडलेला हात वाकडा बसलेला. त्या डाव्या हातानं लिहायला शिकल्या होत्या. सोनूबाई त्यांच्याकडेच राहत होती. माहेरच्यांनी तिला टाकलं, सासरच्यांनी टाकलं. गावात तिचं घर कुणी तरी पेटवून दिलं होतं.

साठ साली श्रीपतराव सुटले आणि आठ दिवस घरात बसून राहिले. नवव्या दिवशी संग्रहात गेले. खोल्या पुन्हा लावल्या होत्या. हत्यारं मात्र नव्हती, ती अरुंधतीबाईंनी नवलकिशोरकडून वितळवून घेतली होती. श्रीपतरावांनी त्याबद्दल काही विचारलं नाही. ते आपल्या जागी बसले आणि काम करू लागले.

पावसाळा उलटल्यावर एक बाई जिना चढून आली. गळ्यात मंगळसूत्र नाही, हातात बांगडी नाही. दारातच उभी राहिली.

"मी उषाबाई," ती म्हणाली. "धर्मराज पाटलाची."

सोनूबाई उठून आतल्या खोलीत गेली. अरुंधतीबाई खुर्चीवरून अर्धवट उठल्या आणि तशाच थांबल्या. श्रीपतरावांच्या हातातून टाक खाली आला.

"तुमी समद्यांचं लिवता म्हणं," उषाबाई म्हणाली. "माजंबी लिवा."

"लिहितील," अरुंधतीबाई म्हणाल्या. "मी लिहिते. बसा."

"तुमी न्हाई. ह्यांनी लिवायचं."

ती श्रीपतरावांसमोर सतरंजीवर बसली. त्यांनी कागद घेतला. खाली पडलेला टाक उचलून दौतीत बुडवला.

"आमच्या मालकाला एक भाऊ होता," ती बोलू लागली. "मारुती. एकोणीस वर्साचा. ती सोनू ते सांगणार न्हाई, पण गावाला ठावं हाय. रझाकारांनी त्याला मळ्यात धरला. कँप कुठं हाय इचारत होते. त्यानं सांगितलं न्हाई. त्याची बोटं तोडली, मंग डोळे काढले, मंग बैलाच्या गाडीला बांधून गावभर वढला. मालक तवा सरहद्दीपल्याड. आले तवा पोत्यात भरून ठेवलेला भाऊ बघितला. तीन दिस ते पोतं सोडलं न्हाई त्यांनी. फुडं ते मला मारायचे. लेकरांना मारायचे. पेटलेली चूल दिसली की घराबाहेर जायचे. कडब्याला हात लावायचे न्हाईत. पिंजाऱ्याचं काय केलं ते मला कधी सांगितलं न्हाई त्यांनी. म्याच वळखलं."

श्रीपतराव लिहीत होते. ती त्यांना पुरेल इतक्या सावकाश बोलत होती.

"त्यानं केलं ते खोटं न्हाई. मी त्याला चांगला म्हणायला आले न्हाई. पण समदं हितं लिवलेलं असताना मारुतीचं लिवलेलं न्हाई, हे मला सोसंना. लिवलं?"

"लिहिलं."

"आनखी लिवा. त्यानं हात वर केले होते. ते तुमीच कोर्टात बोलले म्हणून मला कळलं. ते कळलं न्हाई असतं तर मी तुमाला शिव्या देऊन मोकळी झाले असते. आता तेबी जमंना. माजी दोन लेकरं बापाशिवाय वाढून राह्यलीत. तुमाला मी माफ करणार न्हाई. हेबी लिवा."

श्रीपतरावांनी तेही लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण एक शब्द गाळला नाही की बदलला नाही. मग त्यांनी पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचून दाखवलं. उषाबाईनं डोळे मिटून ऐकलं. एका ठिकाणी हात वर करून म्हणाली, "अठरा लिवा. एकोणिसावं लागायचं होतं त्याला."

त्यांनी एकोणीस खोडून अठरा केलं आणि अंगठा उठवायला शाईचा पॅड तिच्यापुढं सरकवला.